अक्षता चिकटलेले मासे

श्रावण लागला की लोकांच्या घरात पुरणाचा वास येतो, उदबत्तीचा येतो, न वाळलेल्या कपड्यांचा येतो. आमच्या घरात रेझिनचा येतो. किंचित गोडसर, किंचित औषधी, एकदा नाकात शिरला की जेवणातही लागणारा. मी वरच्या मजल्यावर राहते, दादा खाली. तरी जिन्यातून तो वास वर आला की मला कळतं, दादाने साचे बाहेर काढले.

परवा मी खाली गेले, तर त्याच्या खोलीत दोरीवर मासे टांगलेले होते. खोटे मासे. बोटभर लांबीचे, हिरवे, रुपेरी, पोटाशी शेंदरी. गळाला हेच लावून पाण्यात फेकायचे, म्हणजे खरा मासा खोट्याला भुलून येतो. मी सहज एकाला बोट लावलं. बोट चिकटलं. काढून घेतलं तर त्याच्या पाठीवर माझा ठसा उठला होता. मी तशीच जिना चढून वर आले.

आता हे कुणाला सांगायचं? एक प्लास्टिकचा मासा वाळला नाही म्हणून या बाईची झोप उडाली, असं म्हटलं तर लोक म्हणतील, शाळेतून रिटायर झाल्यावर कुमुदबाईंना उद्योग राहिलेला नाही. म्हणोत बापडे. पण ओल्या माशांशी माझा जुना संबंध आहे. चार वर्षांपूर्वीचा सगळा पावसाळा मी अशी बोटं लावत काढला होता.

आमचं घर ग्वाल्हेरला, किला गेटजवळच्या गल्लीत आहे. आमचे कोणी खापरपणजोबा घोड्यावर बसून दख्खनेतून इकडे आले म्हणतात. आता घरात घोडा नाही, एक स्कूटर आहे आणि तीही किक मारून मारून चालू होते. भाषा आहे, तिलाही इकडची हवा लागली आहे. पुण्याची मंडळी आली की आम्ही गच्चीला छत म्हणतो यावर हसतात. हसा म्हणावं. पण काही गोष्टी आम्ही तिकडच्यांपेक्षा घट्ट धरल्यात. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते म्हणजे होतेच. आणि पूजा झाली की सीमोल्लंघन. घराबाहेर पडायचं, सीमा ओलांडायची, सोनं घेऊन परत यायचं. पूर्वी तलवार पूजत होते. तलवार कुठल्या तरी काकांच्या वाटणीत गेली. दादा फौजेतून सुभेदार होऊन परत आला तेव्हा पूजेला ठेवायला काही हवं म्हणून त्याने आपला गळ ठेवला. आई ओरडली, "अरे देवीपुढे मासे मारायची काठी?" दादा म्हणाला, "माझं हत्यार आता हेच आहे."

तेव्हापासून आमच्या घरचं वर्षाचं गणित ठरलं. आषाढी एकादशीला गळ जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर. चातुर्मासात आमच्याकडे मासा शिजत नाही, आणि पावसाळ्यात तसंही धरणात मासे धरायला बंदी असते. मग हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून दादा पावसाळाभर मासे बनवतो. दसऱ्याला ते सगळे गळाशेजारी पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, आणि त्याच दिवशी तिघऱ्याच्या धरणावर जाऊन पहिला मासा पाण्यात टाकायचा. आमचं सीमोल्लंघन तिघऱ्याला.

मासा बनवणं हे मी इतक्या वेळा पाहिलंय की झोपेतही सांगेन. आधी सागवानाचा एक मासा कोरायचा. तो श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवून वरून रबर ओतायचं, की झाला साचा. मग रेझिन. दोन बाटल्या असतात. एका बाटलीतलं घट्ट, मधासारखं. दुसऱ्या बाटलीतलं पातळ, ते हार्डनर. दोन्ही एकत्र आले की दगड होतो, नाही आले तर काही होत नाही. प्रमाण चुकलं की मासा जन्मभर ओला. म्हणून दादा सोनाराच्या काट्यासारखा छोटा काटा घेऊन बसतो, श्वास रोखून मोजतो, आणि मग इतकं हळू ढवळतो की बघणाऱ्याला राग यावा. "घाई केली की बुडबुडे येतात, कुमे." नया बाजारात ज्या दुकानात तो रेझिन घेतो तिथे लोक टेबलं बनवायला नेतात. दुकानदार दरवर्षी विचारतो, "सूबेदार साहब, इस साल कितनी टेबल बनाओगे?"

आणि डोळे. डोळे वहिनी लावायची. स्वतःच्या टिकल्यांचे. बारीक काळ्या टिकल्या, त्यावर नखपॉलिशचा पांढरा ठिपका, आणि वरून रेझिनचा एक हात. दादा शास्त्र सांगायचा की माशाला डोळाच आधी दिसतो, डोळ्यावरच तो धावतो. वहिनी म्हणायची, "मग बरोबर आहे. तुम्हीही टिकलीच पाहून आला होता." दादा लाजायचा. एवढा मिशाळ माणूस, कानापर्यंत लाल व्हायचा.

ती होती तोवर या उद्योगात हसूच जास्त होतं. पावसाळ्यात रेझिन वाळता वाळत नाही. एका वर्षी तिने शक्कल काढली. गौरींच्या मागे मखरात बल्ब लावलेले असतात, तिथे ऊब असते. तिने सगळे मासे तिथे टांगून ठेवले. हळदीकुंकवाला बायका आल्या, मुरार वस्तीतल्या एक आजी गौरीचा पदर सारखा करायला वाकल्या, आणि किंचाळल्या. गौरीच्या पाठीमागे मासळी बाजार! वहिनी जागची हलली नाही. म्हणाली, "माहेरची माणसं आलीत गौरीला भेटायला." आजी आधी रागावल्या आणि मग त्याच सर्वांत जास्त हसल्या. पुढे वर्षानुवर्षं भेटल्या की विचारायच्या, गौरीच्या माहेरचे कसे आहेत.

धरणावरही ती जायची. तिला पोहता येत नव्हतं, मगरीची भीती वाटायची, मासा गळाला लागला की "सोडा हो त्याला" म्हणून ओरडायची. तरी जायची. थर्मास, पोळीभाजीचा डबा, स्वेटरचं विणकाम घेऊन बांधाजवळ एका दगडावर बसायची. दादाला मासा मिळो न मिळो, ती तिथे असायची.

चार वर्षांपूर्वी चैत्रात ती गेली. सकाळी चहा टाकला, म्हणाली, जरा पाठीत दुखतंय, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. चहा तसाच ओट्यावर होता. तो मी ओतून टाकला.

माणसं म्हणतात, दादाने धीराने घेतलं. घेतलं खरं. तेच मला खुपत होतं. तो रडला नाही, आजारी पडला नाही, जेवला, अंघोळी केल्या. फक्त दूधवाल्याशी भांडायचा बंद झाला. तुम्हाला वाटेल, बरं झालं. पण दादा आणि दूधवाला यांचं रोजचं भांडण म्हणजे आमच्या गल्लीची भूपाळी होती. "भैया, दूध में पानी मिलाते हो कि पानी में दूध?" हे ऐकून शेजारची मुलं उठायची. ते थांबलं. दूधवाला मला जिन्यात गाठून म्हणाला, "दीदी, साहब कुछ बोलते नहीं. मुझे अच्छा नहीं लगता."

मग वैशाखाच्या रणरणत्या उन्हात त्याने आपला थंडीचा कोट इस्त्रीवाल्याला देऊन टाकला. चांगला जाड, लोकरीचा कोट. ग्वाल्हेरची थंडी काय असते ते इथे राहिलेल्याला सांगायला नको. पौषात दुपारपर्यंत धुकं उठत नाही, हाडं वाजतात. मी म्हटलं, "अरे, कोट का दिलास?" तो म्हणाला, "आता मला काय करायचाय?" किती साधं वाक्य. ज्याला पुढची थंडी बघायची आहे तो कोट देत नाही.

आणि एकदा चहा पिताना, काही विषय नसताना म्हणाला, "तिघऱ्याला त्या पलीकडच्या टोकाला पाणी फार खोल आहे, कुमे." एवढंच. मग कपबशी घेऊन धुवायला गेला.

आषाढीला त्याने गळ माळ्यावर ठेवला आणि श्रावणात साचे काढले तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. त्याची लेक केतकी बंगळुरूहून फोनवर म्हणाली, "आत्या, बाबांनी लूअर बनवायला घेतले? थँक गॉड! बिझी रहेंगे तो मन लगा रहेगा ना?" मी हो म्हटलं. काय सांगणार तिला? मला उलटंच दिसत होतं. मासे म्हणजे दसरा, दसरा म्हणजे तिघरा, आणि या वर्षी दगडावर कोणी बसणार नाही. मी येते म्हटलं तर तो "बघू" म्हणत होता. तो खाली एकेक मासा घडवत होता आणि मी वर बसून त्याच एका दिवसाला भीत होते. विचारायचं तरी कसं? दादा, तू परत येणार आहेस ना, हे विचारायला जावं आणि भलतंच काही बोलून परत यावं. विचारलं आणि त्याने खरं सांगितलं तर?

मग मी रोज काहीतरी निमित्त काढून खाली जायला लागले. कधी कोथिंबीर, कधी वर्तमानपत्र. जाता जाता माशाला बोट लावायचं. ओला. पुन्हा दोन दिवसांनी. ओलाच. नख रुतत होतं. त्या वर्षी पाऊसही असा लागला होता की किल्ल्याची भिंत काळीभोर दिसायची, उंबऱ्याखालून पाणी यायचं, मीठ पाझरायचं, काडेपेटी पेटायची नाही. शेजारीपाजारी पावसाला शिव्या घालत होते. मी एकटी त्याचे आभार मानत होते. पड बाबा, पड. या हवेत रेझिन वाळायचं नाही, आणि मासे ओले असले तर माणूस त्यांना घेऊन जाणार कसा?

दादा सगळं नेहमीसारखंच करत होता. काटा, दोन बाटल्या, हळू ढवळणं. डोळेही आता तोच लावत होता. वहिनीच्या आरशाच्या कोपऱ्यात टिकल्यांची पाकिटं खोचलेली होती, त्यातून एकेक टिकली नखाने सोडवायचा. जाडजूड बोटं त्याची. टिकली बोटालाच चिकटून राहायची, आणि तो तिच्याकडे बघत तसाच बसायचा.

भाद्रपद गेला. ऊन पडायला लागलं. आश्विनातलं आमच्याकडचं ऊन कोरडं खट्ट असतं, पापड दोन तासांत कडक होतात. माझा जीव टांगणीला लागला. आता मासे वाळणार. मी बोट लावलं. ओला! मला आनंद झाला, नवल वाटायचं राहूनच गेलं.

दसऱ्याच्या सकाळी मी म्हटलं, "या वर्षी नको पूजा, दादा. वहिनीला वर्ष झालेलं नाही. सण नसतो आपल्याला." तो म्हणाला, "हत्यारांना सुतक नसतं." पाट मांडला. लाल कापड. माळ्यावरून गळ काढला, आणि शेजारी सगळे मासे ओळीने. मी झेंडूची फुलं दिली. त्याने हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. दाराला आंब्याचं तोरणही नव्हतं. कपडे घालून तो तयार होता, स्कूटरची किल्ली खिशात होती. मला ती दिसत होती.

"पूजा हलवून दे," तो म्हणाला. मी एक मासा उचलला. तर काय! सगळं अंगाला चिकटून आलं. झेंडूच्या पाकळ्या, तांदळाचे दाणे, पाठीवर हळदीचा पट्टा, कपाळावर कुंकू. मी पाकळी ओढली तर निम्मी फाटून तिथेच राहिली. दाणे तर आत रुतले होते. दुसरा उचलला, तोही तसाच. तिसराही. सगळी वरात पाटावर मुंडावळ्या बांधून पडली होती आणि प्रत्येकाला वहिनीचा काळा डोळा. मला हसू फुटलं. आणि हसता हसता मी थांबले, कारण बाहेर खणखणीत ऊन होतं. हवेत ओलावा नावाला नव्हता.

"दादा, हे तर वाळलेच नाहीत. हार्डनर खराब निघालं का?"

तो उभाच होता. मग भिंतीला टेकून खाली बसला, फौजी माणूस बसत नाही तसा, पाय पसरून.

"हार्डनर चांगलं आहे," तो म्हणाला. "मी कमी घालत होतो."

"चुकून?"

"मोजून."

बाहेर कोणाच्या तरी घरी रेडिओ चालू होता.

"कडक झाले असते तर जावं लागलं असतं, कुमे. आणि गेलो असतो तर परत आलो असतो की नाही, माझं मलाच सांगता येत नव्हतं. जायचं नाही असंही म्हणवत नव्हतं. मग म्हटलं, ओले राहू देत. ओले आहेत तोवर मी इथे आहे."

आणि मग तो रडला. चैत्रापासूनचं. मी त्याच्याजवळ बसले, हातात तो तांदळाचा मासा तसाच होता, माझ्या बोटांना चिकटलेला. इतके महिने मी वर बसून पावसाकडे मागणं मागत होते, आणि खाली तोही तेच करत होता. आपल्याच हाताने, काट्यावर मोजून. मला वाटत होतं मी एकटीच त्याला धरून ठेवलंय. तो स्वतःलाही धरून होता.

त्या दिवशी सीमोल्लंघन केलं, पण तिघऱ्याला नाही. "सीमा तर ओलांडायला हवी," तो नाक पुसत म्हणाला. आम्ही ई-रिक्षात बसून मुरारला गेलो, एका टपरीवर चहा प्यालो, तिथल्या शमीची पानं, म्हणजे इकडचं सोनं, घेतली आणि परत आलो. आमच्या खापरपणजोबांनी बघितलं असतं तर घोड्यावरून पडले असते.

कार्तिकात एक दिवस तो जिन्यातून ओरडला, "कुमे, थंडी वाजतेय गं. कोट घ्यायला हवा." मी चपला कशा घातल्या ते आठवत नाही. नया बाजारात जाऊन आम्ही कोट आणला. गल्लीच्या कोपऱ्यावर त्याचा जुना कोट घालून इस्त्रीवाला उभा होता, त्याने सलाम ठोकला. त्या आठवड्यात दूधवाल्याशी पहिलं भांडण झालं. मी गादीवर पडल्या पडल्या ऐकलं आणि पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.

पुढच्या वर्षी मासे कडक झाले. मी त्याच्या मागे स्कूटरवर बसून तिघऱ्याला गेले. त्याने ये म्हटलं नव्हतं, नको म्हटलं नव्हतं. वहिनीच्या दगडावर बसले नाही, त्याच्या शेजारच्या दगडावर बसले. मला विणता येत नाही, मी शब्दकोडं सोडवलं. तेव्हापासून दरवर्षी जाते. गोष्ट इथे संपली असं मी धरून चालले होते.

पण दुःख हे आमच्या नळाच्या पाण्यासारखं आहे, गेलं म्हणून बादल्या उपड्या ठेवाव्यात तर भलत्या वेळी येतं. गेल्या आठवड्यात केतकीचा फोन आला. ती आणि जावई कॅनडाला चालले. कायमचे. "बाबा, आप भी आ जाना ना, तिकडे केवढी तरी तळी आहेत फिशिंगला!" दादा म्हणाला, "छान. फार छान." फोन ठेवला आणि आपल्या खोलीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला आला आणि भांडण न होता गेला. तिसऱ्या दिवशीही. त्यानंतर परवा मी खाली गेले आणि माशाला बोट लावलं.

दोन दिवस मी तो ठसा मनात घेऊन फिरले. पाऊस आहेच, हवा ओली आहेच. पण त्या वर्षीही मी पावसालाच धरून बसले होते. आज सकाळी मात्र मला राहवलं नाही. वय झालं आता माझं, हे मुकाट्याने बोटं लावत बसणं झेपत नाही. तो दाढी करत होता. मी सरळ विचारलं, "दादा, मासे ओले आहेत. हवेमुळे की तुझ्यामुळे?"

वस्तरा थांबला. आरशातूनच त्याने माझ्याकडे पाहिलं. गालाला साबण होता, त्यामुळे चेहरा नीट कळेना.

"धुऊन बघ," तो म्हणाला. "कोमट पाणी आणि साबण. हवेचा असेल तर वरचा चिकटा निघून जाईल, खाली दगड असेल. माझा असेल तर निघायचा नाही. माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस."

मी दोरीवरचे सगळे मासे काढून मोरीत घेऊन बसले. एकेक चोळायला लागले. पहिल्याचा चिकटा तेलकट होऊन वाहून गेला, खाली कडक. नख आपटलं तर टक्क वाजलं. दुसराही वाजला. तिसरा वाजला. मला रडू यायला लागलं, मोरीत बसून, प्लास्टिकच्या माशांना साबण लावत. आणि मग तो हिरवा आला, ज्याच्यावर माझा ठसा होता. तो धुतला, पुन्हा धुतला. नख रुतलं.

मी तो हातात धरून बाहेर आले. दादा दारातच उभा होता, अर्धी दाढी तशीच.

"तो मी ओतत होतो तेव्हा केतकीचा फोन आला होता," तो म्हणाला. "नंतर परत बाटली उचलली, तेव्हा हात आखडला माझा. कमी घातलं ते मला कळलं होतं. बाकीचे त्याच्यानंतरचे आहेत."

"नंतरचे?"

"नंतरचे. ते पूर्ण मोजून घातले." तो माझ्या हातातला मासा घेऊन बघत होता. "एवढाच एक दिवस होता, कुमे. तुला सांगायला हवं होतं." मग मासा उलटापालटा करत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "हा नको नेऊया. बाकीचे नेऊ. दसऱ्याला तू येशील ना गं माझ्याबरोबर?"

इतकी वर्षं मी राखणीला गेल्यासारखी त्याच्या मागून जात होते. त्याने कधी बोलावलं नव्हतं. आज पहिल्यांदा बोलावलं.

"येते की," मी म्हटलं. "पण उद्या सकाळी आधी त्या दूधवाल्याशी भांडून घे. आठवडाभर पाणी पितोय आपण."